न उगवणारं बियाणं

नोकरीला लागून चौथा दिवस होता. गोंदियाच्या बाजारात भाजी घेत होते, तेवढ्यात समोरून आमच्या सेंटरवरचे काकाजी येताना दिसले. मी नवखी, गावात ओळखीचं एक माणूस नाही, म्हणून आनंदाने हात वर करून "काकाजी!" अशी चांगली खणखणीत हाक मारली. या गृहस्थाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या खिशातच हात घातलाय, आणि सरळ मिरचीच्या ढिगाकडे वळून मिरच्या निवडायला बसले. मी लाजेने अर्धी झाले. दुसऱ्या दिवशी सेंटरवर गाठून त्यांना चांगलंच झापलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, बाजारात मी कोनाले ओळखत नाही. तुमीही नका ओळखू. आज मले हाक मारली, उद्या आपल्या एखाद्या बाईले माराल. मंग लोक इचारतील, ह्या मॅडम कोठच्या? दवाखान्यातल्या. मंग ही बाई त्याइले काऊन ओळखते?"

आपली बाई म्हणजे आमच्या सेंटरवरून गोळ्या नेणारी बाई. एचआयव्ही झालेल्या माणसाला जन्मभर रोज एक गोळी घ्यावी लागते, आणि ती सरकारी दवाखान्यातल्या आमच्या सेंटरवर फुकट मिळते. मी तिथे समुपदेशक, म्हणजे माझं काम बोलायचं. काकाजींचं काम फिरायचं. जो माणूस ठरल्या तारखेला गोळ्या न्यायला आला नाही, त्याला गावात जाऊन शोधायचं आणि समजावून परत आणायचं; ज्याला येणं जमतच नाही, त्याला गोळ्या घरी पोचवायच्या. आम्ही दोघंही कंत्राटी. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. कुणाचंही नाव कागदावर आलेलं त्यांना खपत नसे, स्वतःचंसुद्धा नाही.

दिसायला अगदीच साधे. उंच, वाळलेले, पायात रबरी चप्पल, खांद्याला एका बियाणे कंपनीची मळकी पिशवी. या कामावर येण्याआधी त्यांनी तालुक्यातल्या एका कृषी केंद्रात बारा-पंधरा वर्षं काढली होती. ती पिशवी तिथलीच, आणि सोंगही तिथलंच. कारण काकाजी कुठल्याही गावात दवाखान्याचा माणूस म्हणून गेलेच नाहीत. ते जायचे बियाणेवाले म्हणून. पेरणीच्या आधी धानाचं बियाणं, मग खत, मग तुडतुड्यावरचं औषध, असं वर्षभर त्यांना कुठल्याही घरी जायला कारण असायचं. पिशवीत वर धानाच्या पुड्या, "कंपनीचं सॅम्पल हाये, फुकट हाये," म्हणून वाटायला, आणि तळाशी ज्याच्या त्याच्या गोळ्यांची बाटली.

ती बाटली बनवणं हा एक सोहळा असायचा. आमच्या गोळ्यांची बाटली बसमध्ये खुळखुळ वाजते. शेजारी बसलेली बाई लगेच विचारते, कायच्या गोळ्या, कोणाच्या? म्हणून काकाजी रोज सकाळी टेबलावर कापसाचा गठ्ठा घेऊन बसत. प्रत्येक बाटलीचं झाकण उघडून कापूस ठासायचा, बाटली कानाशी नेऊन हलवायची, आवाज आला तर आणखी कापूस. मग रॉकेलच्या बोळ्याने वरचा कागद पुसून काढायचा. आमच्या औषधवाल्या बाई वैतागून जायच्या. "काकाजी, कापूस संपला तर ऑपरेशनवाले माझ्या नावाने ओरडतात!" काकाजी म्हणायचे, "ओरडू द्या. वाजाले नाही पायजे."

पुन्हा आमच्या शेजारी दाताचा विभाग. तर काकाजींनी सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं, दारातून बाहेर पडताना गाल धरायचा. कुणी भेटलं तर दाढ दुखते म्हणायचं. आमच्याकडून निघालेला अर्धा तालुका गाल धरून बसस्टँडपर्यंत चालत जायचा. एकदा नागपूरहून तपासणीला साहेब आले. त्यांनी दिवसभर हे पाहिलं आणि जाताना मला काळजीने विचारलं, या भागातल्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे का हो?

आम्ही हसलो पोट धरून. काकाजी नाही हसले. त्यांना हसताना मी सहा वर्षांत दोनदाच पाहिलं असेल.

त्यांच्याकडे एक वही होती. लांबट, लाल कापडी बांधणीची. सरकारी रजिस्टर वेगळं. ही त्यांची स्वतःची. त्यात एकाही माणसाचं नाव नाही. प्रत्येकाला त्यांनी धानाच्या जातीचं नाव दिलं होतं. लुचई, हिरानखी, दुबराज, एचएमटी. "लुचई, तिरोड्याकडे, दोन म्हयने नाही. गेलो. देला." "दुबराज, बिरसीजवळ. दारू पिऊन रायला. पुन्यांदा जाचा." कुणी वही उघडली तरी धानाचा हिशोब वाटावा. मी एकदा विचारलं, नावं कशी ठरवता? म्हणाले, "मानूस पाहून. जो कोनत्याही पान्यात तग धरते, तो लुचई. जो नाजूक हाये, त्याले चिन्नोर म्हनतो."

चिन्नोर एकच होती. तिच्याबद्दलच सांगायचंय मला. पण आधी माझ्याबद्दल सांगते, कारण त्याशिवाय माझा मूर्खपणा तुम्हाला कळणार नाही.

मी नागपूरला शिकलेले. डिग्री घेऊन, जगाला चार गोष्टी सुनावायच्या तयारीने आलेली. मला ही लपवाछपवी डोक्यात जायची. मी काकाजींशी रोज भांडायचे. "काय पाप केलंय हो या लोकांनी? तुम्हीच असे गाल धरायला लावता, म्हणून त्यांना लाज वाटते. एकदा उघड बोलू द्या. बोललं की माणूस मोकळं होतं." हे माझं आवडतं वाक्य. दिवसातून दहा पेशंटना सांगायचे, बोला, मोकळे व्हा.

काकाजी कापूस ठासत ऐकायचे. एकदा म्हणाले, "मॅडम, तुमचा बराबर हाये. पर तुमचा बराबर व्हाले धा वर्सं लागतील, अन् बाईले आज संध्याकाळी घरी जाचा हाये."

मला तेव्हा वाटलं, हा माणूस मागासलेला आहे. तोंडावर म्हणाले नाही एवढंच.

चिन्नोरचं गाव सौंदडच्या पलीकडे. काकाजी पॅसेंजरने सौंदडला उतरायचे. स्टेशनजवळच्या चहावाल्याकडे त्यांची एक सायकल ठेवलेली असायची, ती घेऊन पुढे. नवरा हैदराबादला इमारतीच्या कामावर होता. आजार तिथूनच आला, आणि नवरा तिकडेच वारला. मागे राहिली ती तिशीच्या आतली, एक लहान मुलगी, सासू, दीर आणि जाऊ. मुलगी निरोगी होती, तिची तपासणी आम्ही करून घेतली होती. घरात कुणाला काही माहीत नाही, असं चिन्नोर म्हणायची. रोवणीच्या दिवसांत सगळ्या बायांबरोबर चिखलात वाकून रोपं लावायची, आणि घरात धान साठवायच्या ढोलीत, अगदी खाली, बाटली पुरून ठेवायची. तिला एकच भीती. मला म्हणाली होती, "घरातून काढलं तं काढलं, मॅडम. पर पोरगी ठेवून घेतील. तिच्यासाठीच गोळी खातो मी."

त्या घरी मी एकदा काकाजींबरोबर गेले होते, कंपनीच्या मॅडम बनून. म्हातारी ओसरीवर बसून सूप घोळत होती. काळी, सुरकुतलेली, डोळे मात्र कोंबडीसारखे चौकस.

"मांगच्या साली नाही उगवला तुमचा बियाना," ती म्हणाली.

"या साली उगवल, बाई," काकाजी म्हणाले.

"त्याच्या मांगच्या सालीही नाही उगवला."

"हवामान खराब होता."

म्हातारीने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "द्या मंग," म्हणाली आणि चिन्नोरला हाक मारली, "अवो, पिशवी घे आत." सून पिशवी घेऊन आत गेली आणि रिकामी करून परत घेऊन आली.

परतीच्या वाटेवर मला हसू आवरेना. काकाजींचं बियाणं कृषी केंद्रातला मुदत संपलेला माल होता, ते उगवणार कुठून! "सात वर्षं न उगवणारं बियाणं घेणारी अशी एकच म्हातारी असेल हो जगात!" मी म्हटलं. काकाजी सायकल हातात धरून चालत होते. म्हणाले, "समजदार हाये म्हातारी." मला वाटलं, थट्टा करतायत.

आता ती गोष्ट.

निराधार योजनेतून अशा बायांना महिन्याला सरकारी मदत मिळते. चिन्नोरला ती मिळावी म्हणून मी मागे लागले. अर्जात दोन वाटा होत्या. एक, विधवा म्हणून. दुसरी, गंभीर आजार म्हणून. विधवा म्हणून करायचं तर नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला हवा, आणि तो हैदराबादला अडकलेला. काकाजी कुणाकुणामार्फत तो मागवत होते. मला म्हणाले, "दोन म्हयने थांबा. दाखला येते. इधवा म्हनूनच लिवा, दुसरा काही नका लिवू. कागद बोलका असते, मॅडम."

दोन महिने! इकडे त्या बाईच्या मुलीला शाळेत जायला धड चप्पल नाही. मला काकाजींचा असा संताप आला! ते दौऱ्यावर गेलेले असताना मी चिन्नोरला बोलावलं. आजाराच्या रकान्यात खूण केली, आमच्या कार्डाची झेरॉक्स जोडली, तिचा अंगठा घेतला. तिने विचारलं, "कोनाले मालूम तं नाही पडनार, मॅडम?" मी म्हटलं, "अगं, कायदा आहे. हे गुप्तच ठेवावं लागतं. तुझा हक्क आहे हा." आणि छाती फुगवून बसले.

कायदा आहेच. पण कायदा काही यादी टाइप करत नाही. यादी टाइप करतो कुणीतरी कंटाळलेला माणूस. मंजूर झालेल्यांची यादी गावात भिंतीवर लागली. नाव, वय, आणि शेवटच्या रकान्यात कारण. विधवा, विधवा, अपंग, वृद्ध, आणि मग तिच्या नावापुढे तीन अक्षरी इंग्रजी शब्द, मराठीत लिहिलेला. गावाला दुसरं काही वाचता आलं नाही तरी या आजाराचं नाव नक्की वाचता येतं.

काकाजींना फोन आला. त्यांनी मला एक शब्द विचारला नाही, पिशवी उचलली आणि स्टेशनकडे निघाले. मी मागे धावले. गावात पोचलो तोवर दुपार झाली होती. काकाजींनी भिंतीवरचा कागद ओढून फाडला, बारीक घडी करून पिशवीत घातला. बाजूला बसलेला एक जण हसून म्हणाला, "आता काहाले फाडून रायले? फोटो तं सकाळीच फिरला मोबाइलवर."

घरी गेलो तर चिन्नोर नव्हती. दिराने सकाळीच तिला मोटरसायकलवर बसवून देवरीच्या पलीकडे, जंगलातल्या गावी, भावाकडे सोडून दिलं होतं. मुलगी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. तिला जाऊ दिलं नव्हतं.

म्हातारी ओसरीवरच होती. सूप बाजूला पडलेलं. आम्ही समोर उभे राहिलो, बसा म्हणाली नाही.

"मले सात वर्सं मालूम होता," ती म्हणाली.

काकाजी खाली बघत राहिले.

"धान काहाडाले ढोलीत हात घातला, तं हाताले बाटली लागली. वाजेना. म्या खोलून पायली. कापूस होता. म्हटला, जो एवढा कापूस भरते, तो बियाना इकाले येत नाही." ती थांबली. "बाटली मी अजून खाली सरकावली. धाकली सून धान काढते, तिच्या हाताले लागू नाही म्हनून. तुमी बियाना आनत होता, मी घेत होती. थे गोळी खात होती, कामाले जात होती. घरात होता तवरी ते घरचा होता. भिंतीवर लागला, तवा ते गावचा झाला. आता मी का करू? पोरगा म्हनते, थे राहील नाही तं मी राहीन. गावाले मी का सांगू, मले मालूम नव्हता?"

मग तिने मान वर केली. "कागद कोनं लावला?"

मी समोरच उभी होते. ओठ उघडले होते मी, खरंच उघडले होते.

"चूक माही हाये, बाई," काकाजी म्हणाले. "माह्या हातानं झाला."

म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली. एवढी वर्षं न उगवणारं बियाणं घेताना जशी बघायची तशी नाही. "पुन्यांदा येऊ नका," म्हणाली.

परतताना मी रडत होते. विचारलं, का केलंत असं? मला बोलू का दिलं नाहीत? सायकल ढकलता ढकलता ते म्हणाले, "तुमाले अजून त्या खुर्चीवर बसाचा हाये. बाया तुमच्यासमोर बोलतात. त्याइले मालूम पडला, मॅडमनं कागद देला, तं बोलतील का कोनी?" आणि थोड्या वेळाने, "अन् तुमचा मन वाईट नव्हता." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी तक्रार केली, सगळीकडे केली. उत्तर आलं, सदर यादी काढून टाकण्यात आली आहे. मृत्यूचा दाखलाही आला, यादी लागल्यानंतर पंधरवड्याने. काकाजींनी तो लाल वहीत ठेवून दिला.

भावाच्या गावी ते चार वेळा गेले. तिथे बियाणेवाल्याचं सोंग नको होतं. तिथेही सगळ्यांना सगळं कळलं होतं. बाटल्या त्यांनी तिच्या हातात दिल्या. पुढच्या वेळी त्या तशाच, कापसासकट, उंबऱ्याशी ठेवलेल्या असत. दुसऱ्या फेरीला मीही होते. केवढं बोलले मी! सगळं शिक्षण पणाला लावलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मॅडम, पोरगी होती तवरी खाल्ली. आता कायले खाऊ?" मला समुपदेशनाचं एक वाक्य आठवेना. धान कापणीला आलं, त्या सुमाराला ती गेली.

काकाजी त्यानंतर तीन वर्षं फिरले. माझ्याशी त्यांचं वागणं तसूभर बदललं नाही, बाजारात ओळख द्यायची नाही हेही तसंच. मी मात्र त्यांच्याशी भांडायचं सोडलं. सकाळी त्यांच्यासमोर बसून कापूस ठासायला लागले. चिन्नोर हे नाव त्यांनी पुन्हा कुणाला दिलं नाही. पुढे एक अगदी नाजूक पोरगी आली होती, तिचंही नाव त्यांनी लुचई लिहिलं. म्हटलं, काकाजी, लुचई एक आहे ना आधीच? म्हणाले, "असू द्या दोन."

गेल्या वर्षी छातीत कळ येऊन ते गेले, घरीच, अर्ध्या तासात. घरचं म्हणावं असा एक पुतण्या होता. तिरडी बांधली जात असताना मी रस्त्याकडे पाहिलं, तर पलीकडे माणसं उभी होती. एकमेकांपासून लांब लांब. कुणी पानठेल्यावर, कुणी सायकलची चेन बघत, एक बाई उगाच पिशवीतली भाजी खालीवर करत होती. सगळे ओळखीचे. माझ्याकडे एकानेही पाहिलं नाही आणि आपसातही नाही. काकाजींना नेलं, तेव्हा पुरुष मागे अंतर ठेवून, एकेकटे चालू लागले. मीही कुणाला ओळख दिली नाही. घरी येऊन ओक्साबोक्शी रडले.

पुतण्याने वही आणि पिशवी मला आणून दिली. चिन्नोरचं पान मी उघडलं. महिन्यामागून महिने, "देला, देला, देला." मग चार वेळा "घेतला नाही." आणि खाली, "चूक माही हाये." माणूस स्वतःच्या वहीतसुद्धा माझ्यासाठी खोटं बोलून गेला होता.

ते वाक्य मला झोपू देईना. दोन महिन्यांपूर्वी ती पिशवी खांद्याला लावून मी त्या गावी गेले. म्हातारी आणखी वाळली होती, पण ओसरीवर होती. मुलगी शाळेत गेली होती. मी म्हटलं, आजी, मला ओळखलं का?

"कंपनीवाली," ती म्हणाली. "तो कोठी हाये?"

"गेले ते. गेल्या वर्षी."

तिने माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मानूस चांगला होता. कागद काऊन लावला त्यानं, कोनास ठाऊक."

मी एका दमात सांगितलं. अर्ज मी भरला. खूण मी केली. ते थांबा म्हणत होते, मी थांबले नाही. त्यांनी माझ्यासाठी स्वतःवर घेतलं, आणि मी इथेच उभी राहून गप्प बसले. सांगताना माझा आवाज फाटला, मी पदराने डोळे पुसत होते.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली नाही.

"थे मेली," ती म्हणाली. "तोही मेला. आता कोनाले सांगून रायल्या तुमी?"

मी पिशवी जवळ ओढली.

"झाला? मोकळ्या झाल्या? जा मंग."

मी उठले. अंगणातून बाहेर पडते तोच शेजारची बाई कुंपणाशी आली. माझी पिशवी, माझे लाल डोळे तिने नीट निरखले. तिने ओसरीकडे पाहून मोठ्याने विचारलं, "कोन व्हय, बुढी? काऊन रडून रायली? दवाखान्यातली व्हय का?"

घरात ती मुलगी वाढत होती. दोन-चार वर्षांत तिच्या लग्नाचं बोलणं निघणार होतं. आणि मी भरदिवसा, रडका चेहरा घेऊन, त्या घरातून बाहेर पडत होते.

"नाही वो," म्हातारीने सूप उचललं आणि घोळायला लागली. "बियानावाली व्हय. मी नाही घेतला तिचा. उगवत नाही."